मदत हवी आहे: शिल्ड प्लॉटचा उतार १ येत नाही

अर्धवट_प्रबंध:
शिल्ड प्लॉट, म्हणजे रोधक औषधाची मात्रा वाढवली की मात्रा-परिणामाचे वक्र किती सरकतात त्याचा आलेख. साध्या स्पर्धेत त्याचा उतार १ यायला हवा, माझा ०.७ च्या आसपास अडकलाय. वक्र उजवीकडे सरकतात, पण जास्त मात्रेला अपेक्षेपेक्षा कमी. गाईड म्हणतात 'परत करून बघ'. परत केलं, तेच आलं. पीए२ (रोधकाची ताकद दाखवणारा आकडा) किती लिहू? लवकर सांगा, प्रबंधाचं प्रकरण द्यायचंय.

चौकसबुवा:
कोणती ऊती? कोणता अ‍ॅगोनिस्ट? कोणता अँटॅगोनिस्ट? म्हणजे परिणाम घडवणारं औषध कोणतं आणि तो रोखणारं कोणतं?

अर्धवट_प्रबंध:
अहो, नेहमीचंच. गिनीपिगचं इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग), अ‍ॅट्रोपिन.

चौकसबुवा:
आणि अ‍ॅगोनिस्ट? तोच तर विचारतोय.

पिपेटवाली:
अ‍ॅट्रोपिनला वेळ कमी दिला असणार. आमच्याकडे एकाने घाईघाईत पाच मिनिटांत वक्र काढले होते, सगळं पाण्यात गेलं. अर्धा तास तरी थांबा.

जुना_खेळिया:
पिपेटवाली, असहमत. समतोल यायला वेळ कमी पडला तर कमी मात्रेचं अ‍ॅट्रोपिन मागे राहतं, जास्त मात्रेचं लवकर पोहोचतं. मग रेषा आणखी चढी होते, उतार १ च्या वर जातो. इथे तर तो खाली आलाय.

रेडिओलिगँडप्रेमी:
ऑर्गन बाथचा, म्हणजे ऊती द्रावणात टांगून आकुंचन मोजण्याचा, नाद सोडा. ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं एन-मिथाइलस्कोपोलामीन घ्या, पेशींच्या पडद्यांवर बाइंडिंग करा, म्हणजे ते रिसेप्टरला (औषध जिथे चिकटतं त्या प्रथिनाला) किती चिकटतं ते मोजा, आयसी५० (ते चिकटणं निम्म्यावर आणणारी मात्रा) वरून चेंग-प्रुसॉफच्या सूत्राने केआय (आकर्षणशक्तीचा आकडा) काढा. एका दिवसात काम फत्ते.

जुना_खेळिया:
आणि मिळणार काय? इलियममध्ये या रिसेप्टरचे दोन प्रकार, एम२ आणि एम३. एम२ संख्येने जास्त, आकुंचन मात्र मुख्यतः एम३ मुळे. बाइंडिंगमध्ये दोघांची खिचडी मोजाल. त्यांना आकुंचनाचं उत्तर हवंय.

रेडिओलिगँडप्रेमी:
मग उतार कमी येण्याचं कारणच एम२ आणि एम३! दोन रिसेप्टर, दोन आकर्षणशक्ती.

जुना_खेळिया:
अ‍ॅट्रोपिन दोघांमध्ये फारसा भेदभाव करत नाही. ते कारण निवडक अँटॅगोनिस्टला शोभलं असतं.

इतिहासवेडा:
अवांतर, पण ओटो लोवींनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं की व्हेगस मज्जातंतूतून रासायनिक पदार्थ बाहेर पडतो. अ‍ॅट्रोपिन घातल्यावर त्याचा परिणाम दिसेना. १९३६ चं वैद्यकाचं नोबेल हेन्री डेल आणि लोवी दोघांना मिळालं. धाग्यावर असं काही हवंच.

चौकसबुवा:
धागाकर्ते, अ‍ॅगोनिस्ट?

अर्धवट_प्रबंध:
असिटिलकोलीन हो, अजून काय असणार?

चौकसबुवा:
हे आधी सांगितलं असतं तर! कोलिनेस्टरेज (असिटिलकोलीन फोडणारं एन्झाइम) थांबवलंत का?

अर्धवट_प्रबंध:
नाही. त्याचा काय संबंध?

चौकसबुवा:
सगळा संबंध तोच. अ‍ॅट्रोपिन नसताना असिटिलकोलीनची मात्रा कमी असते, त्यातला मोठा हिस्सा एन्झाइम खाऊन टाकतं. अ‍ॅट्रोपिन घातलं की जास्त मात्रा लागते, एन्झाइमची क्षमता अपुरी पडते, आणि रिसेप्टरपर्यंत तुलनेने जास्त पोहोचतं. म्हणून वक्र हवा तेवढा सरकत नाही. मात्रा वाढेल तसा हा फरक वाढतो आणि उतार १ पेक्षा कमी येतो. असिटिलकोलीनऐवजी कार्बाकॉल वापरा, त्याला हे एन्झाइम फोडत नाही.

जुना_खेळिया:
कार्बाकॉलला निकोटिनिक अंगही आहे, म्हणजे ते चेतापेशींवरच्या दुसऱ्या रिसेप्टरांनाही चेतवतं. आतड्यातल्या गँग्लियातून (चेतापेशींच्या पुंजक्यांतून) आकुंचन वाढवेल. ते अडवायला हेक्सामेथोनियम घाला किंवा सरळ बेथानिकॉल घ्या, त्याला ते अंग जवळजवळ नाही.

पिपेटवाली:
ते एन्झाइम थांबवणारं फायसोस्टिग्मीन टाकून असिटिलकोलीनच ठेवलं तर?

जुना_खेळिया:
मग ऊतीतलं स्वतःचं असिटिलकोलीन साठतं आणि ती आपणहून नाचायला लागते. मी तरी टाळेन.

बावरी_काकू:
डोळे तपासायला अ‍ॅट्रोपिनचे थेंब घातले होते. बाहुल्या किती दिवस मोठ्या राहतात?

इतिहासवेडा:
काकू, आठवडाभर किंवा जास्तही. तपासणीपुरतं ट्रोपिकामाइड असेल तर काही तासच. शंका असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारा.

अर्धवट_प्रबंध:
अहो, माझा प्रश्न राहिला! आत्ताचे आकडे लिहू की नको? उतार १ ला बांधून, म्हणजे १ च धरून, पीकेबी (रोधकाच्या आकर्षणशक्तीचा आकडा) देता येईल ना?

चौकसबुवा:
उताराच्या ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये (विश्वासार्ह मर्यादेत) १ येतो का? येत असेल तर बांधा. नसेल तर ते पीकेबी म्हणून देऊ नका. नुसतं पीए२ उतारासकट द्या आणि कारण लिहा. गिनीपिग इलियमला अ‍ॅट्रोपिनचं पीए२ साधारण ९ येतं, त्याच्याशी ताडून पाहा.

अर्धवट_प्रबंध:
१ येत नाही. बेथानिकॉल मागवतो.

चौकसबुवा:
मागवा. आणि कमाल आकुंचन सगळ्या वक्रांत सारखंच येतं ना? तेही अजून सांगितलेलं नाहीत.