इंजिन बदललेली १९७२ची २४०झेड: आहे तशी विकू की जुनं इंजिन परत बसवू?

झेडवाला:
मंडळी, इकडे कॅलिफोर्नियात माझ्याकडे १९७२ची डॅटसन २४०झेड आहे. मूळचं २.४ लिटरचं सहा सिलेंडर इंजिन (एल२४) काढून त्यात शेवरोले कॅमेरोचं एलएस१, म्हणजे ५.७ लिटरचं आठ सिलेंडरचं व्ही८ टाकलंय, सोबत त्याचाच सहा गिअरचा बॉक्स. आता घर बदलतोय, नव्या जागी गॅरेज एका गाडीचंच, त्यामुळे विकणं आलं. एल२४, दोन्ही कार्ब्युरेटर, जुना गिअरबॉक्स सगळं ठेवलंय. मित्र म्हणतो जुनं इंजिन परत बसव, एलएस वेगळं वीक, पैसे जास्त येतील. मला वाटतं आहे तशी द्यावी आणि जुनं सामान सोबत. बोला.

मूळरूप:
मित्राचं ऐका. २०२०च्या जानेवारीत एक १९७१ची २४०झेड ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली, का गेली, तर कमी चाललेली आणि कोणी हात न लावलेली म्हणून! तुमच्या इंजिन बेमध्ये, म्हणजे बॉनेटखाली, पत्र्याची प्लेट असेल, त्यावर इंजिन नंबर असतो, तो ठेवलेल्या ब्लॉकवरच्या नंबरशी जुळतो का ते आज रात्रीच टॉर्च घेऊन बघा. जुळत असेल तर ते इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवणं म्हणजे पाप आहे.

ग्रीसबोटं:
झालं, आले ३ लाख १० हजार. झेड विकणारा प्रत्येक माणूस हेच उदाहरण फेकतो. अहो ती गाडी लाखात एक होती, बाकीच्या झेड म्हणजे बाजारात आली तेव्हा साडेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळणारी, भरपूर खपलेली, पावसात नि बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वापरलेली गाडी. आणि "इंजिन परत बसव" हे लिहायला सोपं आहे. नुसतं इंजिन नाही ते, रेडिएटर, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, पेट्रोलची लाइन, वायरिंग, गेज सगळं उलटं करायचं, आणि एवढं करून इतकी वर्षं बंद असलेलं एल२४ धूर सोडायला लागलं की परत ते उघडा. तेवढ्या मजुरीत गिऱ्हाईकाला दोन हजार कमी करून दिलेत तरी तुम्ही फायद्यात.

मूळरूप:
फायदा फायदा काय करताय, ५० वर्षं जुनी गाडी आहे ती. जपानी कंपनीने अमेरिकेत युरोपियन स्पोर्ट्सकारवाल्यांना घाम फोडला तो याच सहा सिलेंडरच्या आवाजावर, त्यात शेवरोलेचं व्ही८ कोंबायचं आणि वर क्लासिक म्हणून विकायची?

झेडवाला:
कोंबलं नाहीये हो 🙂 एलएस१चा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, एल२४चा बिडाचा, त्यामुळे नाकावर फार वजन वाढलेलं नाही. माउंट सगळे बोल्टवर, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) कापलेली नाही, फक्त गिअरबॉक्ससाठी मधल्या टनेलचा पत्रा एका जागी ठोकून आत घेतलाय. मागच्या चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियल पण बदललं, जुनं आर१८० एवढ्या टॉर्कपुढे टिकलं नसतं, आर२०० आहे आता.

पेट्रोलचा_वास:
मी घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण अशीच एक स्वॅप केलेली, म्हणजे इंजिन बदललेली गाडी घेऊन बसलोय. विकणारा गोड माणूस, हॉर्सपॉवर तोंडपाठ, पण पेट्रोलची लाइन कुठून कशी गेलीये विचारलं की "सगळं नवीन आहे". आता बघा, कार्ब्युरेटरला ३-४ पीएसआय प्रेशर पुरतं, एलएस१च्या पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनला ५८ लागतं. माझ्या गाडीत नव्या पंपापुढे कार्ब्युरेटरच्या जमान्यातला रबरी पाइप तसाच, साध्या स्क्रूच्या क्लॅम्पने आवळलेला. हात लावला तर ओला, आणि बोटभर खाली एक्झॉस्ट. तेव्हा ओरिजिनल का स्वॅप हा वाद नंतर घाला, झेडवाले तुम्ही पाइपचे फोटो, वायरिंगचा नकाशा, इंजिन कुठल्या वर्षाच्या गाडीतलं ते आणि सगळी बिलं टाका. मी पुढच्या वेळी त्यालाच जास्त पैसे देईन, प्लेटवरच्या नंबरला नाही.

पुणेकर३०:
वाचून मजा येतेय पण इकडे हा धागाच निघाला नसता. आरसीवर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकलं की आरटीओत कोण पास करणार? २०१९ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत चालणार नाही. आणि २०२१पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज रजिस्ट्रेशन आहे, तेही मूळ रूपातल्याच. तेव्हा मत मूळरूप यांना.

ग्रीसबोटं:
पुणेकर, तिकडचा कायदा इकडे लावून काय उपयोग? इथे मालकीच्या कागदावर गाडीचा ओळख नंबर चालतो, आणि कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) माफ आहे. हेच स्वॅप १९७६च्या २८०झेडमध्ये असतं तर मीच म्हणालो असतो आधी कागद दाखवा. यांची ७२ची आहे, हा मुद्दा जाहिरातीत पहिल्या ओळीत टाका, गिऱ्हाईक राज्याबाहेर पळणार नाही. बाकी हौसेला मोल नसतं म्हणतात, विकताना ते कोणी देतही नाही, तेव्हा खर्च केला तेवढा मागू नका, जाहिरात महिनोन् महिने लटकेल.

मूळरूप:
पाइपचा मुद्दा मान्य. बाकी नाही. जुनं इंजिन सोबत दिलंत की घेणारा ते महिन्याभरात वेगळं विकून टाकेल आणि गाडी कायमची संपली. निदान नंबर जुळला तर मला कळवा, इंजिन माझ्याकडे ठेवून घेतो.

ग्रीसबोटं:
अरे वा, म्हणजे गाडीपासून इंजिन तोडायला तुम्हीच पहिले 😄

झेडवाला:
नंबर बघितला. जुळतोय. इंजिन गाडीसोबतच जाणार, सुटं विकणार नाही, मूळरूप राव सॉरी. स्वॅप तसंच राहील. उद्या पाइप आणि वायरिंगचे फोटो काढून टाकतो.

पेट्रोलचा_वास:
पाइपसोबत बॅटरीखालचा ट्रे, सीटखालची फ्रेम रेल आणि मागच्या चाकापुढचा पत्रा पण. झेड तिथेच कुजते. वरून नको, खाली झोपून काढा.