बँजो-गिटारची जुगलबंदी थेट नंबर दोनवर? हे वाजवणारे होते कोण?

रानभैरी
काल झोप येईना म्हणून 'डिलिव्हरन्स' लावला, १९७२ चा. त्यात सुरुवातीलाच पेट्रोलपंपावर गिटारवाला आणि बँजोवाला पोरगा यांची जुगलबंदी आहे ना, 'ड्युएलिंग बँजोज', ती ऐकून उडालोच. नंतर बघितलं तर हीच ट्यून १९७३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे तिथल्या सगळ्यात लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, दोन नंबरला होती! एक शब्द नाही गाण्यात, गायक नाही, नुसतं बँजो-गिटार. हे कसं काय झालं आणि वाजवणाऱ्यांचं पुढे काय झालं? कोणाला माहितीये का?

टेपरेकॉर्डर७४
बँजो एरिक वाइसबर्ग, गिटार स्टीव्ह मँडेल. पडद्यावरचा पोरगा वाजवत नाहीये बरं का, नुसता अभिनय आहे. वाइसबर्ग न्यूयॉर्कचा, ज्युलियार्ड या तिथल्या नामांकित संगीत शाळेत डबल बेस शिकलेला, म्हणजे डोंगरातला गावरान बँजोवाला वगैरे अजिबात नाही, स्टुडिओत बोलावतील तिथे जाऊन वाजवून येणारा माणूस. पिक्चर चालला, ट्यून रेडिओवर लागली आणि चार आठवडे दोन नंबरला अडकून बसली कारण वरती रॉबर्टा फ्लॅकचं 'किलिंग मी सॉफ्टली' हलायलाच तयार नव्हतं.
खरी गंमत अल्बमची. वॉर्नर या कंपनीला पिक्चरचा साउंडट्रॅक विकायचा होता पण हातात ट्यून एकच, मग त्यांनी काय केलं तर वाइसबर्ग आणि मार्शल ब्रिकमन यांचा १९६३ चा ब्लूग्रासचा (बँजो-गिटार-मँडोलिनवरचं अमेरिकन लोकसंगीत) जुना अल्बम उचलला, त्याला ही ट्यून जोडली आणि पिक्चरच्या नावाने बाजारात आणला. तो चक्क एक नंबरला गेला! दहा वर्षांपूर्वीचा माल. ब्रिकमन तोवर लिखाणाकडे वळला होता, पुढे वुडी ॲलनबरोबर 'ॲनी हॉल' लिहून ऑस्कर घेतलं त्याने.

कोपऱ्यातला
वरच्या प्रतिसादात एक राहिलं. ट्यून या दोघांची नाहीच. आर्थर स्मिथने १९५५ मध्ये डॉन रेनोबरोबर 'फ्युडिन बँजोज' नावाने रेकॉर्ड केली होती. पिक्चरमध्ये त्याचं नाव नव्हतं, गडी कोर्टात गेला आणि जिंकला. बरं झालं.
बाकी 'पुढे काय' म्हणशील तर वाइसबर्ग परत स्टुडिओतच. १९७४ मध्ये बॉब डिलनने 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' या अल्बमसाठी त्याला बँडसकट बोलावलं (बँडचं नावही डिलिव्हरन्सच ठेवलेलं, हिटचा तेवढा तरी फायदा), पण दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांना नारळ, फक्त बेसवाला टोनी ब्राउन राहिला. त्या अल्बमवर पूर्ण बँड ऐकायचा तर 'मीट मी इन द मॉर्निंग' हे एकच गाणं. ग्रॅमी मिळालेल्या माणसाची ही गत, पण सेशनवाल्यांना, म्हणजे स्टुडिओत बोलावल्यावर वाजवणाऱ्यांना, सवय असते, काम झालं, पेटी बंद केली, निघाले.

चहाबाज
असाच पडद्यामागचा डॅन टिमिन्स्की विसरलात का राव! 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या पिक्चरमध्ये जॉर्ज क्लूनी गाण्यावर तोंड हलवतो आणि आवाज याचा. ब्लूग्रास गायिका ॲलिसन क्राउसच्या युनियन स्टेशन बँडमधला गिटार-मँडोलिनवाला. कंट्री रेडिओने ते गाणं फारसं लावलंच नाही तरी पिक्चरचा अल्बम लाखोंनी खपला, २००२ मध्ये अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी घेतलं आणि त्यानंतर बिलबोर्डवर एक नंबर. पिक्चर २००० चा आहे बघा.
आणि हे वाचून खुर्ची धरा, अविची या डीजेचं 'हे ब्रदर' आहे ना, २०१३ चं, लग्नात डीजे वाजवायचे ते? आवाज टिमिन्स्कीचाच. ब्रिटनमध्ये दोन नंबर. गाण्यावर त्याचं नाव पण नव्हतं.

रानभैरी
काय सांगता! 'हे ब्रदर'वर मी स्वतः वरातीत नाचलोय, ब्लूग्रासवाल्याच्या आवाजावर नाचतोय हे कोणाला माहिती. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांतली मँडोलिन कोणाची, हे तरी कुठे कोणाला माहिती असतं म्हणा.
@कोपऱ्यातला, 'मीट मी इन द मॉर्निंग' लावतो आता, हेडफोन सापडला की.