मुसलमान येशूला मानतात, पण ख्रिस्ती माणसाला तेवढं पुरेसं आहे का?

यावलचा_तडवी
नाताळ जवळ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "मुसलमान येशूला मानत नाहीत, त्याचा द्वेष करतात." यंदाही फिरला. मी तडवी भिल्ल, सातपुड्याच्या पायथ्याचा, मराठी शाळेत शिकलेला मुसलमान. असलं वाचलं की राग येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हजरत ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे येशू, यांना नबी (अल्लाहचा प्रेषित) मानल्याशिवाय कुणी मुसलमान होतच नाही. कुराणात त्यांचं नाव २५ वेळा येतं. बापाविना, कुमारी मरियमच्या पोटी ते जन्मले यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. जन्मांधाला दृष्टी दिली, कोड बरं केलं, मेलेल्याला उठवलं, हे सगळं कुराणात आहे. फक्त ते अल्लाहच्या हुकमाने घडलं, हे तिथे बजावून सांगितलंय. मातीचा पक्षी करून त्यात फुंकर मारली आणि तो जिवंत झाला, ही हकीकत तर चारही शुभवर्तमानांत नाही, आमच्याकडे आहे. आमच्यात पोरांची नावं ईसा आणि मरियम ठेवतात. ज्याचा द्वेष करायचा त्याचं नाव कोण लेकराला ठेवील?

फरक आहे, तो मी लपवत नाही. ते देव नाहीत, देवाचे पुत्रही नाहीत. कुराण म्हणतं, ईसा आणि त्यांची आई दोघंही अन्न खात, म्हणजे माणसंच होती. तरीही आमचा आदर खरा आहे आणि शेजारधर्माला तेवढा पुरतो, असं मला ठामपणे वाटतं.

नवापूरकर
जिभाऊ, तो मेसेज तुम्ही खोडून काढलात, फार बरं केलंत. आमच्या तालुक्यात मावची समाजाची ख्रिस्ती घरं पुष्कळ आहेत, त्यातलाच मी. पण 'पुरतो' म्हणालात तिथे माझं अडतं.

तुमच्या वर्णनात जन्म आहे, चमत्कार आहेत, पण ते वधस्तंभावर मेले तो शुक्रवार नाही. आमच्या विश्वासाचा गाभाच वधस्तंभ आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पौल सरळ सांगतो, की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे. आणि कुराणाच्या चौथ्या सूरहमधली (अध्यायातली) १५७वी आयत (वचन) म्हणते, त्यांनी त्याला मारलं नाही, क्रूसावरही चढवलं नाही, त्यांना तसा भास झाला. म्हणजे ज्या घटनेवर आम्ही उभे आहोत ती घडलीच नाही, असं तुम्ही म्हणता. एवढं काढून घेतल्यावर उरतो तो आदरणीय गुरू. माझा तारणारा उरत नाही.

भुसावळ_लाईन
नवापूरकरांशी सहमत, आणि थोडं पुढे जातो. सहीह बुखारी या संग्रहात हदीस, म्हणजे मुहम्मद पैगंबरांचं वचन, आहे: ईसा पुन्हा उतरतील, न्यायी राज्यकर्ते होतील, क्रूस मोडतील, डुकराला मारतील. आमच्या रेल्वे कॉलनीत चर्च आहे, लहानपणापासून तिथल्या लोकांत वावरलोय. तुमचाच येशू परत येऊन तुमचा क्रूस मोडणार, हे मी त्यांना आदर म्हणून कसं सांगू? गोड गोड साम्यं दाखवायची आणि हे झाकून ठेवायचं, हे मला पटत नाही.

यावलचा_तडवी
@भुसावळ_लाईन भाऊ, झाकत नाही. हदीस आहे आणि ती आम्ही मानतो. आमचे बरेच आलिम (धर्मपंडित) तिचा अर्थ असा लावतात, की ईसा स्वतः येऊन आपल्याविषयीच्या समजुतीचा निवाडा करतील. शेजाऱ्याच्या देवळावर हात टाकायची परवानगी त्यातून कुणालाच मिळत नाही. आणि हेही बघा, कयामतीआधी दज्जालचा, म्हणजे खोट्या मसीहाचा, पाडाव करायला आम्ही वाट कुणाची बघतो? मरियमच्या लेकाचीच.

@नवापूरकर दादा, क्रूसाबद्दल आमची बाजू ऐका. आमच्या दृष्टीने अल्लाह आपल्या नबीला शत्रूच्या हाती असा अपमानाने मरू देणार नाही. त्याने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं, असं पुढच्याच आयतीत आहे. आम्ही नाकारतो ते ईसांना कमी लेखण्यासाठी नाही, त्यांच्या मानासाठी.

नवापूरकर
तिथेच तर सगळा फरक आहे! तुम्हाला जो अपमान वाटतो त्यातच आम्हाला देवाचं प्रेम दिसतं. शिवाय हा नुसता श्रद्धेचा प्रश्न नाही. पंतय पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाला हे टॅसिटस लिहितो, आणि तो रोमन इतिहासकार आमच्या धर्माचा शत्रूच होता. कुराण त्या घटनेनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी आलं.

अशीरगड_वाट
यात खान्देशचा इतिहास कुणी आणला नाही, म्हणून लिहितो. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकी घराण्याचं राज्य संपलं. त्या वेळी जेरोम झेवियर हे जेझुइट पाद्री अकबराच्या छावणीत होते. पुढे १६०२ मध्ये त्यांनी फारसीत येशूचं चरित्र लिहून बादशहाला दिलं. या विजयाचा लेख फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर आहे. दक्षिण आणि दानदेश, म्हणजे पूर्वीचा खान्देश, जिंकल्याचं त्यात नोंदवलंय आणि लगेच पुढे वचन येतं: ईसा अलैहिस्सलाम म्हणाले, जग हा पूल आहे, त्यावरून जा, त्यावर घर बांधू नका.

आपला मुलूख जिंकल्याच्या लेखातच बादशहाला ईसांचं वचन कोरावंसं वाटलं. हे वचन शुभवर्तमानांत नाही, मुसलमानांच्या परंपरेने जपलेलं आहे. नवापूरकर, तुमचं दुःख समजतं, पण इतकी शतकं सांभाळलेल्या या ओढीला नुसतं 'आदरणीय गुरू' म्हणून बाजूला सारता येत नाही.

शहाद्याची_ताई
तुम्ही सगळे पुरुष क्रूसावरच भांडताय, मरियमकडे कुणाचं लक्ष नाही. अख्ख्या कुराणात नावानिशी उल्लेख असलेली स्त्री ती एकटीच. तिच्या नावाची सूरह आहे, १९वी. खजुराच्या झाडाशी ती एकटी कळा सोसते आणि म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. मग बाळाला घेऊन ती माणसांत येते, लोक बोल लावतात, ती काहीच न बोलता बाळाकडे बोट दाखवते आणि पाळण्यातलं मूल बोलतं: मी अल्लाहचा दास आहे, त्याने मला नबी केलंय. अशा प्रसंगी सगळं गाव एकट्या बाईवर कसं तुटून पडतं, ते मी इथे पाहिलंय. ती सूरह वाचून रडू आलं मला, आणि मी ना मुसलमान, ना ख्रिस्ती.

भुसावळ_लाईन
ताई, वर्णन सुंदर आहे. पण बघा, पाळण्यातलं ते मूल पहिलंच वाक्य काय बोलतं? 'मी दास आहे.' वाद तिथेच सुरू होतो.

यावलचा_तडवी
होय, तिथेच. आणि तेच ऐकून एका ख्रिस्ती राजाने मुसलमानांना आसरा दिला होता. मक्केतला छळ सोसवेना तेव्हा साधारण ६१५ साली पहिले मुसलमान हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेले. तिथल्या नजाशीने, म्हणजे राजाने, विचारलं, तेव्हा त्या मुसलमानांपैकी जाफर यांनी याच सूरहच्या आयती म्हणून दाखवल्या. राजा रडला आणि त्यांना मक्केवाल्यांच्या हवाली करायला त्याने नकार दिला, असं आमच्या सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, ग्रंथांत आहे.

नवापूरकर
नजाशीचं मला ठाऊक नव्हतं. राजाने आसरा दिला ते योग्यच केलं, आणि त्यासाठी त्याला क्रूस सोडावा लागला नाही. माझंही तेच म्हणणं आहे. जिभाऊ, तुमच्या पाड्यावर कुणी बोट उचललं तर मी येऊन उभा राहीन. पण 'आपण दोघं एकाच येशूला मानतो' असं कुणी स्टेजवरून म्हणालं तर मी तिथेच उठून सांगेन, माझा येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला.

यावलचा_तडवी
सांगा दादा. मी आडवा येणार नाही. माझी पाळी आली की मीही उठून सांगेन, ते मेलेच नाहीत.