गॅस्ट्रोस्किसिस: बाळाची आतडी पोटाबाहेर आहेत, सल्ला हवा

निशिगंध:
वहिनीला २१ वा आठवडा चालू आहे. परवाच्या अनॉमली स्कॅनमध्ये (बाळातले दोष बघायची सोनोग्राफी) बाळाची आतडी पोटाबाहेर, गर्भजलात तरंगताना दिसली. वहिनी २० वर्षांची, पहिलंच बाळंतपण, राहायला पंढरपूरजवळ. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, यावरून घरात बोलणी सुरू आहेत आणि ती धड जेवतही नाही. इतके महिने पाण्यात राहून आतड्यांचं काय होतं? बाळंतपण कुठे करावं?

पाचवामजला:
आधी ग्रहणाचं. हा दोष गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच होतो. नेमकं कारण कुणालाच सापडलेलं नाही, पण अगदी तरुण आयांच्या बाळांत तो जास्त दिसतो. तिचा काडीचाही दोष नाही. हे घरच्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, आमच्याकडे त्यानेच बोलणी थांबली. माझी मुलगी यातूनच गेली, आता दुसरीत आहे.

रातपाळी:
मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आतड्यांबद्दल सांगते.

प्रत्येकच गर्भाची आतडी काही आठवडे नाळेत शिरतात आणि साधारण १२ व्या आठवड्यापर्यंत पोटात परततात. इथे बेंबीशेजारी, बहुतेकदा उजवीकडे, लहानसं भोक राहतं आणि त्यातून ती बाहेर येतात. त्यांच्यावर पिशवी नसते. पिशवी असली तर तो ओम्फॅलोसील नावाचा वेगळा दोष. त्यात गुणसूत्रांचे आणि हृदयाचे दोष जास्त सापडतात, म्हणून रिपोर्टमध्ये पिशवीबद्दल काय लिहिलंय ते नक्की बघा.

इजा दोन वाटांनी होते. गर्भजलात बाळाची लघवी, आतड्यांतले स्राव मिसळतात. त्यांनी आतड्यांचा पृष्ठभाग सुजतो, शेवटच्या आठवड्यांत जास्तच. जन्मावेळी काही बाळांची आतडी जाड, एकमेकांना चिकटलेली, साय धरल्यासारखी दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही आतडी पुढे काम करतील यावर विश्वास बसेना. केली, पण काही आठवड्यांनी.

दुसरी वाट भोकाची. ते घट्ट होत गेलं तर रक्तपुरवठा आवळला जातो आणि आतड्याचा तुकडा बंद पडतो किंवा मार्गच तुटतो. शंभरातल्या साधारण दहा-पंधरा बाळांत असं होतं आणि त्यांचा प्रवास लांबतो. म्हणून दर सोनोग्राफीला विचारा: आतडी फुगली आहेत का, पोटातली की बाहेरची? बाळाची वाढ आणि पाणी कसं आहे?

निशिगंध:
मग लवकर सिझेरियन करून बाळ बाहेर काढलेलं बरं ना?

रातपाळी:
मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण कमी दिवसांच्या बाळाला अपुऱ्या वाढीचाच त्रास जास्त होतो. बाळ ठीक असेल तर साधारण ३७ आठवड्यांपर्यंत थांबतात. नुसत्या या दोषासाठी सिझेरियनही लागत नाही. मात्र शेवटच्या महिन्यांत बाळाचे ठोके आणि डॉपलर (सोनोग्राफीतून रक्तप्रवाह बघणं) नियमित तपासायला हवं, पोटातच बाळ दगावण्याचा धोका यात थोडा जास्त असतो. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका.

पाचवामजला:
जागेबद्दल: बालशल्यविशारद आणि नवजात अतिदक्षता एकाच आवारात असेल तिथेच बाळंतपण करा. मुंबईत परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय शेजारी शेजारी आहेत. सोलापूर, पुण्याला आधी जाऊन चौकशी करा, ऐनवेळी नको. आम्ही गावी बाळंतपण केलं आणि उघड्या आतड्यांनिशी अडीच तास गाडीत होतो.

रातपाळी:
अचानक गावातच झालं तर बाळाला छातीपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, उजव्या कुशीवर, ऊब देऊन. नाकातून नळी, सलाईन. आतडी उघडी राहिली तर बाळ झपाट्याने गार पडतं. हे तिथल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

आतडी एका बैठकीत पोटात मावली नाहीत तर सायलो नावाच्या पिशवीत टांगून हळूहळू आत सोडतात. दूध पचेपर्यंत शिरेतून पोषण द्यावं लागतं. वहिनीने तोवर दूध काढून साठवावं, पहिला चमचा तिच्याच दुधाचा असावा.

पाचवामजला:
एक राहिलंच. या बाळांची आतडी पोटात नेहमीसारखी वळून बसलेली नसतात. मोठेपणीही हिरवी उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठायचा. आमच्या मुलीच्या शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर तेच लिहिलंय.

निशिगंध:
सोमवारी सोलापूरला बालशल्यविशारदांची वेळ मिळाली. आईही येतेय, ग्रहणाचं तीच विचारणार आहे म्हणे.