औषध न घेताही?
वर एकांनी विचारलंय, ‘मी वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेतलेलं नाही, मग माझ्या आतड्यातल्या जिवाणूंत प्रतिरोधाची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची जनुकं कुठून येणार?’ येतात हो! व्हेनेझुएलाच्या जंगलात, बाहेरच्या जगापासून तुटून राहिलेल्या यानोमामी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंतही ती सापडली. २०१५ साली तो अभ्यास छापून आला. पेनिसिलिन मुळात बुरशीचं जिवाणूंविरुद्धचं हत्यार, त्यामुळे त्यावरची जिवाणूंची ढालही आपल्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जुनी.

मला जास्त धास्ती प्लाझ्मिडची वाटते, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्याची; ही ढालीची जनुकं त्यावरही असू शकतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले, मधे पूल तयार झाला, की डीएनएच्या त्या इवल्याशा कड्याची नक्कल शेजाऱ्याकडे रवाना. शेजारी रोगजंतू असला तरी! त्यात तुम्ही गोळ्या सुरू केल्या, की बिनढालीचे मरतात आणि उरलेल्यांना रान मोकळं.