शब्दचर्चा: ‘प्रिस्क्रिप्शन प्रिव्हिलेज’ मराठीत कसं आणाल?

रेघोट्या: अमेरिकेतल्या सायकॉलॉजिस्ट मंडळींना औषधं लिहून द्यायची परवानगी कशी मिळत गेली, यावरचा एक लेख मराठीत करतेय. सायकॉलॉजिस्टला ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘प्रिस्क्रिप्शन प्रिव्हिलेज’ला ‘विशेषाधिकार’?

खलबत्ता: मानसोपचारतज्ज्ञ अजिबात नको. तो शब्द सायकिअ‍ॅट्रिस्टसाठी, म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांसाठी रुळलाय. (वर्तमानपत्रं समुपदेशकालाही तेच बिरुद लावतात, ते सोडा.) तुमच्या लेखात तो आला की वाचक विचारणार, डॉक्टरला औषध लिहायला वेगळा कायदा कशाला? म्हणजे डॉक्टर नसलेल्यांना औषधं लिहू द्यायची का, हे भांडण होतं तेच कळणार नाही. सायकॉलॉजिस्टला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सायकिअ‍ॅट्रिस्टला मनोविकारतज्ज्ञ म्हणा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

तिरपा टाक: ‘विशेषाधिकार’ म्हटलं की मला विधिमंडळ आणि हक्कभंगाचा ठराव आठवतो. अमेरिकी रुग्णालयांच्या बोलीत प्रिव्हिलेज म्हणजे संस्थेनं एखाद्याला दिलेली कामाची मुभा. अमुक डॉक्टर इथे रुग्ण दाखल करू शकतो, अमुक शस्त्रक्रिया करू शकतो, असं. मानसशास्त्रज्ञांना औषधं लिहून देता यावीत, या चळवळीत सुरुवातीला हाच शब्द होता. १९८४ मध्ये सिनेटर डॅनियल इनोये यांनी हवाईतल्या मानसशास्त्रज्ञांना या दिशेनं प्रयत्न करायला सांगितलं. मग लष्करानं १९९१ ते १९९७ या काळात प्रायोगिक प्रशिक्षण चालवलं, त्यातून दहा मानसशास्त्रज्ञ तयार झाले. लष्करातली गोष्ट असल्यानं तिथे ‘मुभा’ शोभते. पण १९९५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं ही मागणी अधिकृत धोरण म्हणून स्वीकारली आणि लढा राज्यांच्या कायदेमंडळांत गेला. पुढे ‘प्रिव्हिलेज’ मागे पडून ‘प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी’ पुढे आलं. मुभा देणारा ती काढूनही घेतो, कायद्यानं मिळालेलं तसं सहज जात नाही. तेव्हा सरसकट एकच शब्द लावू नका. आधी मुभा, नंतर अधिकार.

रेघोट्या: हे आवडलं. मग ‘औषधलेखनाचा अधिकार’?

खलबत्ता: औषधलेखन कोण म्हणतं हो? डॉक्टर गोळ्या ‘लिहून देतात’, दुकानदार ‘देतो’. ‘औषधं लिहून देण्याचा अधिकार’ लांबलचक आहे, पण कळतं तरी. आणि समर्थक म्हणायचे की, ज्याला लिहायचा अधिकार आहे त्यालाच औषध बंद करायचाही असतो. ‘औषधलेखना’त ते कुठे बसवाल?

दौतवाली: मला ‘अधिकार’ थोडा जास्तच वाटतो. न्यू मेक्सिकोचा २००२ चा कायदा घ्या. आधी डॉक्टरेट, वर साडेचारशे तासांचं शिक्षण, चारशे तासांचा, शंभर रुग्णांवरचा सराव, मग दोन वर्षं डॉक्टरच्या देखरेखीखाली सशर्त परवाना. त्यानंतर स्वतंत्रपणे लिहिता येतं, तेही रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरशी संपर्क ठेवून. इलिनॉयनं २०१४ मध्ये कायदा केला तोही सतरा वर्षांखालचे, पासष्टच्या वरचे आणि गरोदर रुग्ण वगळून. ‘मर्यादित अधिकार’ म्हणा, नाहीतर डॉक्टर मंडळी तुमच्या अंगावर येतील.

तिरपा टाक: मर्यादा लेखात सांगा, शब्दात कोंबू नका. डॉक्टरचा अधिकारही परवान्यानं बांधलेलाच असतो, त्याला कुणी ‘मर्यादित’ म्हणत नाही. उलट लुईझियानात काय झालं बघा. २००४ च्या कायद्यात पदनामच ‘मेडिकल सायकॉलॉजिस्ट’ ठेवलं आणि काही वर्षांत ही मंडळी मानसशास्त्राच्या मंडळाकडून वैद्यकीय परीक्षक मंडळाकडे गेली. न्यू मेक्सिकोत मात्र ‘प्रिस्क्रायबिंग सायकॉलॉजिस्ट’. एकाला ‘वैद्यकीय मानसशास्त्रज्ञ’, दुसऱ्याला ‘औषधं लिहून देणारे मानसशास्त्रज्ञ’. ही दोन पदनामं एक करू नका.

रेघोट्या: एक तळटीप टाकू का, आपल्याकडे असं चालत नाही म्हणून?

दौतवाली: टाकाच. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०६ नुसार, स्वतःच्या व्यवसायक्षेत्रात अधिकृत नसलेलं औषध किंवा उपचार कुणीही सुचवायचे नाहीत. त्यामुळे इथला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. तळटीप नसेल तर एखादा वाचक लेख दाखवून आपल्या समुपदेशकाकडेच गोळ्या मागेल.

खलबत्ता: आणि मथळ्यात ‘अखेर’ घालू नका. युटानं २०२४ मध्ये कायदा केला तरी बहुतेक राज्यांत अजून हे नाहीच, आणि हवाईचं विधेयक २००७ मध्ये तिथल्याच गव्हर्नरनं फेटाळलं होतं.