‘टायग्रिस अँड युफ्रेटिस’ : डावपेच की सोडत?

रिकामी_पिशवी
रायनर क्निझियाचा 1997 चा पटावरचा खेळ म्हणून याला किती डोक्यावर घ्यायचं? सहा टाइल (पटावर मांडायचे रंगीत चौकोनी तुकडे) पिशवीतून हातात येतात. लाल, म्हणजे मंदिराच्या, आल्या तर बंड (एकाच राज्यात एकाच रंगाच्या दोन लीडरची झुंज) जिंकलं, नाही आल्या तर लीडर, म्हणजे पटावर बसवलेला आपला सरदार, पटाबाहेर. वर चार रंगांपैकी सगळ्यात कमी असलेल्या रंगाचेच गुण धरायचे. मेसोपोटेमियाचं नाव दिलेली सोडत आहे ही.

उंटाची_तिरकी
हे वाचून गप्प बसवेना. पिशवीत काय आहे ते आधी मोजा. एकूण 153 टाइल : लाल 57, निळ्या 36, काळ्या आणि हिरव्या 30-30. सुरुवातीची 10 मंदिरं पटावर जातात, मागे उरतात 143 आणि त्यांत 47 लाल. साधारण दर तिसरी टाइल लाल! तरीही येत नसतील तर एक चाल खर्चून सहाच्या सहा बदलता येतात.

बंडात हातातल्या लाल टाइलसोबत लीडरला चिकटलेली मंदिरंही धरतात आणि बरोबरीत आधी बसलेला जिंकतो. एकाच मंदिराला टेकून राजा (काळा लीडर) बसवला आणि तो उडाला, तर त्यात पिशवीचा काय दोष? दोन-तीन मंदिरांच्या बेचक्यात बसवा.

आता युद्ध, म्हणजे दोन राज्यं जोडली की एकाच रंगाच्या लीडरांत होणारी लढाई. त्यात आपापल्या राज्यातल्या आणि हातातल्या त्या रंगाच्या टाइल मोजतात. राज्यं जोडणारी टाइल हातातूनच जाते आणि ती कोणत्याच बाजूने मोजत नाहीत. जोडणारा स्वतः लढत असेल तर त्याच्याकडे जास्तीत जास्त 5 उरतात. त्या रंगात तुम्ही पटावर 5 ने पुढे असाल, तर हात रिकामा असूनही तुम्ही हरत नाही.

रिकामी_पिशवी
पाळीत चाली दोनच. एक हात बदलण्यात घालवली की अर्धी पाळी गेली. चार जणांच्या डावात तेवढ्यात राज्याचे तुकडे होतात.

सारीपाट
तुकडे करायला दोन कॅटॅस्ट्रॉफी (पटावरची टाइल उडवणारे तुकडे) तुमच्याकडेही असतात की. लोक त्या शेवटपर्यंत जपून ठेवतात आणि वापरायच्या राहून जातात. शेजारचं राज्य एका रंगात चार-पाचने वाढलं की मधली टाइल उडवा. खजिन्यावर (सुरुवातीच्या मंदिरांवरचे ठोकळे), मॉन्युमेंटवर (चार टाइलवर बांधलेली वास्तू) किंवा लीडरवर ती ठेवता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि कृपा करून खर्च झालेल्या टाइल पिशवीत परत टाकू नका! त्या डावातून बाद होतात. परत टाकल्या तर वरचं सगळं गणित कोसळतं.

तरी खरी खोट वेगळीच आहे. गुण मिळतात सगळ्यांसमोर आणि ठेवायचे पडद्यामागे. हा पाठांतराचा खेळ झाला.

उंटाची_तिरकी
उघडे ठेवा आणि डाव कुजलेला बघा. शेवटच्या फेऱ्यांत प्रत्येक जण समोरच्याचा कमी रंग शोधून फक्त तोच लीडर हाणणार, दर चालीला हिशेब करत.

सारीपाट
मग हाणू द्या ना! कमी रंग ओळखून तोडणं हाच तर डावपेच. जो लक्षात ठेवतो त्याला हे आजही जमतं. बाकीच्यांनी अंधारात का खेळायचं?

दोन_नद्या
अंधार कसला? ज्याचा हिरवा लीडर बराच वेळ पटावर नाही, त्याचे हिरवे गुण कमी असणार. पट बघायचा आळस करायचा आणि खापर पडद्यावर फोडायचं!

सारीपाट
आळस म्हणू नका. राजा असेल तर हिरवा लीडर नसतानाही हिरवे गुण मिळतात, हे विसरलात. शिवाय खजिने कोणत्याही रंगात धरता येतात.

दोन_नद्या
राजाचं बरोबर आहे, तेवढं सोडतो. पण पाळीअखेर एक-दोनच खजिने उरले की डाव संपतो. गुण उघडे असले तर पुढे असलेला नेमका हिशेब करून व्यापारी (हिरवा लीडर) घुसवतो, खजिने गोळा करतो आणि डाव बंद करतो. पडद्यामुळे त्याला जोखीम तरी घ्यावी लागते.

सारीपाट
जोखीम नव्हे, अंदाजपंचे. मी उघडेच ठेवणार.

रिकामी_पिशवी
माझा धागा पडद्याने पळवला. असो. 5 चं गणित मी धरलं नव्हतं, सोडत हा शब्द मागे घेतो. मॉन्युमेंटचं मात्र कोणीच बोललं नाही. लवकर बांधलं की दर पाळीला फुकट गुण. बांधणारा पुढेच पळणार.

उंटाची_तिरकी
फुकट नाही. बांधताना चार टाइल पालथ्या होतात, त्या युद्धात मोजत नाहीत. म्हणजे त्या रंगाचे चार समर्थक गेले. बांधल्यावर लगेच त्याच रंगात युद्ध लावा. आणि हात बदलायचाच असेल तर पहिल्या चालीत गुणाची टाइल ठेवा, दुसरीत बदला. बचावाला ताज्या सहा मिळतात.